मनकर्णेच्या हातची मिशरी

"मॅडम, ज्याच्या तोंडात एकही दात नाही, त्यानं ब्रश कशाला करायचा?"

मनकर्णानं विचारलं आणि शाळेच्या व्हरांड्यात बसलेल्या दीडशे पोरापोरींत हशा फुटला. प्रश्न तिचा नव्हता. वर्गातल्या निलोफर आणि दुर्गीनं सकाळीच पैज लावली होती. "तालुक्याला भाषणात दुसरी आली म्हनती ना तू? मग इचार डॉक्टरीणबाईला. इचारलं तर आठ दिवस आमच्या वाट्याची बोरं तुला." आणि मनकर्णा अशी, की तालुक्याच्या गावी, कन्नडला, माईकसमोर उभी राहून आल्यापासून तिला कुणी 'करून दाखव' म्हणायची खोटी. दिवाळीआधी जी पोरगी हजेरी देताना पायाच्या अंगठ्याकडं बघायची, ती आता हात वर केल्याबिगर खाली बसत नव्हती.

शहरातून दातांचं शिबिर आलं होतं. टेबलावर परातीएवढा प्लास्टिकचा जबडा आणि हातभर लांबीचा ब्रश. पोरं त्या जबड्यालाच तासभर हसली होती. आता तो हशा वळला. एकेक मान खिचडीच्या खोलीकडं फिरली. दारात चतुराबाई पातेलं घासत बसली होती. पोलीस ॲक्शनच्या साली जन्मली, वयाचा तिच्याकडं एवढाच पुरावा; तोंडाचं पार बोळकं झालेलं. तिनं वळलेल्या माना बघितल्या, राखेनं भरलेला हात तसाच तोंडापुढं धरला आणि तीही हसली. लोक हसतात तेव्हा आपणही हसावं म्हणजे लवकर आटपतं, एवढं तिला साठ वर्षांत कळलेलं.

डॉक्टरीणबाई तेवढी हसली नाही.

"चांगलं विचारलंस," ती म्हणाली. "दात गेले म्हणून तोंड जातं का? हिरड्या राहतात, जीभ राहते. स्वच्छ ओल्या फडक्यानं सकाळ-संध्याकाळ हिरड्या पुसायच्या, जीभ पुसायची. कवळी असेल तर ती काढून धुवायची, रात्री पाण्यात ठेवायची. आजी, तुम्ही या बरं जरा इकडं."

चतुराबाई पदराला हात पुसत आली.

"कधी गेले दात?"

"येकदम कुटं गेले. येकेक गेला."

"किडले होते?"

"किडले नव्हते वो. खिळखिळे झाले. धान्याच्या पोत्याला भोक पडलं का कसं येकेक दाना सांडतो, तसं झालं."

"तोंडाला काय लावता?"

"मिशरी," चतुराबाई म्हणाली, आणि तिचा चेहरा एकदम खुलला. तिनं काळं बोट सरळ मनकर्णाकडं केलं. "ह्या पोरीच्या हातची! आशाबाईची लेक हाय ना ही. लई गुनाचं लेकरू. तवा असा धरती का तंबाखूची राख व्हत नाय अन् कच्ची ऱ्हात नाय. वस्त्रगाळ करती. साऱ्या देवगावात असा हात नाय, बाई. तिच्या हातची लावली का दुसरी गोडच लागत नाय."

आता जो हशा उठला तो पहिल्याच्या दुप्पट होता. मागून कुणीतरी ओरडलं, "मनकर्णाबाई मिशरीवाली!" गणिताचे सरसुद्धा फळ्याकडं तोंड करून खांदे हलवत होते. निलोफर हसत नव्हती. तिनं नुसती मान खाली घातली, आणि ते जास्त लागलं. मनकर्णा उभीच होती. खाली बसायचं असतं हेच तिच्या ध्यानात राहिलं नाही. चतुराबाईनं टोमणा मारला असता तर उत्तर तयार होतं. पण म्हातारी कौतुक करत होती.

मग एकेकाला तपासणीला बोलावलं. मनकर्णानं स्वतःचा नंबर चारदा मागं ढकलला. शेवटी उरलीच.

डॉक्टरीणबाईनं बॅटरी मारली, लाकडी पट्टीनं गाल बाजूला केला. "हिरड्यांतून रक्त येतं का?"

"कधीमधी."

"रक्त येतं म्हणून घासायचं सोडायचं नाही. मऊ ब्रश घे, हळू फिरव, हिरडी नि दात मिळतात तिथं. कीटण धरलंय बघ खालच्या दातांना मागून, पिवळं, दगडासारखं. ते ब्रशनं निघत नाही, दवाखान्यात काढावं लागतं." मग तिनं खालचा ओठ बोटानं बाहेर ओढला आणि थांबली. आवाज उतरवून म्हणाली, "इथं काय ठेवतेस?"

"काही नाही."

"मिशरी?"

"नाही मॅडम. आई लावते. मी नाही."

"डाव्या बाजूला ओठाच्या आत पांढरं पडलंय. सुरकुतलंय. चिमूट जिथं रोज राहते तिथंच असं होतं." ती रागावली नव्हती. "आत्ता सोडलीस तर हे बहुतेक जाईल. धरून बसलीस तर पुढं काय होईल ते मला सांगता येत नाही. सोमवारी औरंगाबादला आमच्या दवाखान्यात ये. घरच्या कुणाला घेऊन ये."

"मी नाही लावत, मॅडम," मनकर्णा पुन्हा म्हणाली. भाषणातल्यासारखा ठणठणीत आवाज निघाला. खोटं बोलायलाही तो उपयोगी पडतो हे तिला त्या दिवशी समजलं.

डॉक्टरीणबाईनं लिहून दिलेली चिठ्ठी तिनं घडी करून कंपासपेटीत, कोनमापकाच्या खाली ठेवली. बोरं तिनं मागितली नाहीत. त्यांनीही दिली नाहीत.

*

त्या वर्षी कापूस एकदम फुटला होता. शिवार पांढरं झालेलं आणि आभाळ रोज दुपारून काळं यायचं. एक सर जरी आली तरी फुटलेला कापूस बोंडातच भिजून पिवळा पडणार. सगळ्यांना बाया पाहिजे होत्या आणि बाया तेवढ्याच. पलीकडच्या बांधावरच्या तात्यासाहेबांनी बायांना न्यायला टेम्पो लावला होता, वर दुपारचा चहा. मनकर्णाच्या बापाकडं, त्रिंबककडं, टेम्पो नव्हता. त्याच्याकडं एकच गोष्ट होती, आणि ती त्याची नव्हती, त्याच्या बायकोची होती. आशाबाईचा ओटा.

दिवस उगवायच्या वक्ताला टोळीतल्या नऊ-दहा बाया त्या ओट्यावर येऊन बसायच्या. मधे पितळी डबी. एकेक चिमूट तळहातावर, मग पहिलं बोट, मग अर्धा तास दातांवरून बोट फिरवत घरोघरच्या खबरा. पिचकाऱ्या ओट्याखालच्या उकिरड्यात. नवरे झोपलेले, सासवा अजून उठायच्या. बाईमाणसाचा असा अर्धा तास दिवसभरात दुसरा नव्हता. तिथून उठून त्या सरळ त्रिंबकच्या वावरात जायच्या. टेम्पो रस्त्यावर हॉर्न वाजवून निघून जायचा. डबी आशाबाईच्या सासूपासून चालत आलेली. सासूचंही नाव मनकर्णाच. नातीनं नाव घेतलं, मग तवाही घेतला.

शिबिराच्या दिवशी, शुक्रवारी, मनकर्णा शाळेतून आली तेव्हा आई वावरातून आलेली होती. पदर डाव्या गालावरून ओढून दातात धरलेला. मनकर्णानं तो बाजूला केला. गाल लिंबाएवढा वर आला होता.

"आई, हे कवा झालं?"

"परवापासून ठनकू लागली दाढ. तूच आपली भाषनाच्या नादात, तुला काय दिसतं?" आशाबाईला तोंड पुरतं उघडत नव्हतं. शब्द एका बाजूनं यायचे. "लवंग धरली. बिब्ब्याचा चटका दिला. जातंय."

"दातांची डॉक्टरीन आली व्हती शाळेत. ती म्हनली, गाल सुजला म्हंजी आत पू झाला. वरून शेकायचं नाय, बिब्बा लावायचा नाय, तोंडाची कातडी जळती. कोमट पान्यात मीठ घालून गुळण्या करायच्या अन् तडक दवाखाना. दाढ वाचन्यासारखी असली तर वाचवत्यात, नसली तर काढत्यात."

"काढत्यात! अन् वेचनी कोन करतं, तिची माय?"

"मीठ तरी घी."

गुळण्या आशाबाईनं केल्या. मग म्हणाली, "तवा ठिव. डबी तळाला गेली."

मनकर्णानं तवा ठेवला. ती काय करणार होती? तंबाखूची पानं चुरून पसरली, फडक्यानं दाबत फिरवली. धूर सुटला तसा दावणीची गायसुद्धा शिंकली. पान तांबूस होतं, मग काळं, मग काळ्यावर निळी झाक येते. त्या झाकेला तवा उतरवायचा. एक श्वास उशीर झाला तर राख. हे कुणी तिला शिकवलं नव्हतं, डोळ्यालाच कळायचं. उतरवलं, पालथी परात टाकून विझवलं, पाट्यावर वाटलं, जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळलं. आणि मग रोजच्यासारखं बोट बुडवून खालच्या ओठात, डाव्या बाजूला नेलं. भाजीचं मीठ बघावं तसं. दोन वर्षांपूर्वी ते खरंच बघणं होतं. आता सकाळी ती चिमूट मिळाली नाही तर तिसऱ्या तासापर्यंत डोकं भणभणायचं.

बोट ओठापर्यंत आलं आणि तिला चतुराबाईचं बोट आठवलं. 'ह्या पोरीच्या हातची.'

तरी लावली. लावली, आणि चुलीपाशी एकटी बसून तिचे कान तापले.

*

शनिवारी शाळा सकाळची. दुपारी ती वावरात गेली तेव्हा बाया बांधावरच्या बाभळीखाली कोंडाळं करून बसल्या होत्या. मधे आशाबाई वाकलेली, डोक्यावरून गोधडी. टोळीतली भागूबाई दातातला किडा काढण्यात तरबेज. तिनं तापल्या खापरावर भुईरिंगणीचं बी टाकलं होतं, त्यावर नरसाळं, नरसाळ्याची नळी आशाबाईच्या तोंडात. खाली पाण्याची थाळी.

"वढ धूर. वढ. आता सोड पान्यात. बघा बया, बघा! पडले का नाय?"

पाण्यात बारीक पांढरे वळवळल्यासारखे तुकडे तरंगत होते. बायांनी पदर तोंडाला लावले. "मायबाई! किती गं हे! ह्याच्यानंच ठनकत व्हतं."

मनकर्णानं एक तुकडा बोटावर घेतला, नखानं दाबला, डोळे बारीक करून बघितला. "भागूमावशी, हे किडं नाय. बी तडकलं का आतला कोंब उडून पडतो, त्यो हाय ह्यो. बघ, खापरावर दुसरं बी तडकू दी, कुनाच्या तोंडाबिगर थाळी धर. तरी पडतील."

भागूबाईनं थाळी आपल्याकडं ओढली. मग म्हणाली, "व्हय का? तालुक्याचा नंबर आला तवापासून आमच्या किड्यालाबी बी म्हनू लागली का गं? काल शाळेत इचारलं म्हनं, दात नसल्यावर ब्रश कशाला. आता किडं नसल्यावर धूर कशाला. उद्या म्हनशील, नवरा नसल्यावर कुकू कशाला!"

बाया खदखदून हसल्या. सरूबाई नुकतीच रांडमुंड झालेली, तीही हसली आणि मग तिनं पदर कपाळावर ओढला. म्हणजे शाळेतली गोष्ट ओट्यावर पोचली होती. मनकर्णाला वाटलं जमीन दुभंगावी. पण ती काळी, चांगली वाफशाची जमीन, ती कशाला दुभंगते.

"बरं वाटलं गं भागू," गोधडीतून आशाबाई म्हणाली. धुरानं तोंड बधिर झालं होतं. तेवढ्यावर तिनं संध्याकाळपर्यंत दोन तास, म्हणजे कापसाच्या दोन ओळी, वेचले. सूज डोळ्याच्या खालपर्यंत चढली.

*

रविवारी उजाडताच मनकर्णानंही ओटी बांधली. कमरेला फडकं खोचून त्याची झोळी करायची, दोन्ही हातांनी बोंडं उपसायची, भरलं की बांधावरच्या गाठोड्यात. तिचा हात अजून कच्चा. बोंडाच्या वाळल्या पाकळ्यांनी नखांच्या कडा सोलून निघाल्या. रविवारी खिचडी नसते, म्हणून चतुराबाईही आली होती. दोघींना शेजारचे तास मिळाले. मनकर्णा मुद्दाम मागं राही, म्हातारी मुद्दाम थांबे.

आईला ताप होता. कुणी हात लावला नाही तरी दिसत होता. ती बोंडं चुकवून पुढं जात होती, आणि आशाबाईनं चुकवलेलं बोंड कुणी आजवर बघितलं नव्हतं.

"आजी," मनकर्णा शेवटी म्हणाली. "परवा शाळेत..."

"काय परवा?"

"ते मी इचारलं. दातांचं."

"व्हय, बरं केलं इचारलं." चतुराबाईचे हात थांबले नाहीत. "मला लई दिस इचारायचं व्हतं. पन आपल्याला कोन इचारू देतं, अन् इचारायचं तरी कोनाला? मला वाटायचं, दात गेले आता काय धुवायचं. तोंडाला वास यायचा, नातू मांडीवर बसत नव्हता. ती फडक्यानं पुसा म्हनली ना? म्या परवापासून पुसती. सकाळी अन् सांजच्याला. काल बसला नातू."

मनकर्णानं माफी मागायला तोंड उघडलं होतं, तिथं आता माफीला जागाच उरली नव्हती. म्हातारीनं तिच्या थट्टेतला जो दाणा होता तेवढा वेचून घेतला होता आणि बाकीचं फोलपट सोडून दिलं होतं.

"पहिला दात कुटं पडला म्हाइत हाय का तुला?" चतुराबाई म्हणाली. "हितंच. त्या चिंचेच्या सरीला. खिचडीचं काम लागायच्या आधी पंदरा सोळा वर्सं म्या तुमच्याकडंच वेचलं. हालू लागला का सुताचा फास टाकायचा, बोंड तोडावं तसा तोडायचा, अन् मातीत दाबायचा. घरी न्यायला येळ कोनाला? सात दात हाईत माझे ह्या वावरात. तुझी आज्जी हासायची. म्हनायची, चतुरे, तू तर आमच्या रानाला दातच लावले." ती फिसकन हसली. "अन् रगत थांबायला वरून मिशरी दाबायची. लई आराम पडायचा. तुझ्या आज्जीची मिशरी अशीच. तुझ्यासारखीच वस्त्रगाळ."

मनकर्णानं पायाखाली बघितलं. आता कुठं पाऊल टाकावं हेच तिला कळेना.

तेवढ्यात पुढच्या तासातून सरूबाईची हाक आली. "अगं, आशाबाई बसली! आगं पळा!"

आशाबाई सरीत उकिडवी बसली होती, एक हात जमिनीवर. तोंडातून काळं, लाल आणि पिवळं असं एकत्र ओघळत होतं. ते तिच्या ओटीतल्या कापसावर पडलं. सबंध ओटी भरलेली होती, पांढरीधोप, आणि त्यावर ते. आशाबाईला दुखत होतं तरी तिनं पहिली गोष्ट काय केली, तर दुसऱ्या हातानं तो भिजलेला कापूस वेगळा काढून सरीत लपवू लागली. मालकीण असून. दहा बाया बघत होत्या. मनकर्णानं तिचा हात धरला तर तो तव्यासारखा तापलेला.

"आई, राहू दी तो कापूस."

"डाग... बाजारात काट्यावर डाग दिसतो..."

"राहू दी."

*

गावातल्या डॉक्टरनं रविवार असून दार उघडलं. सुई दिली, गोळ्या दिल्या, गाल न दाबता नुसता बघितला. "ताप, वरून तोंड दोन बोटं पण उघडत नाही. त्रिंबकराव, उद्या पहिल्या गाडीनं औरंगाबाद. सरकारी दातांचा दवाखाना. ही सूज गळ्याकडं उतरली तर श्वासाला अडचण करते. तसं वाटलं तर उद्याचीही वाट बघू नका, रात्री जीप करा. दाढेचा पू काढल्याशिवाय गोळ्यांनी हे जायचं नाही. आणि मिशरी बंद."

"व्हय व्हय," त्रिंबक म्हणाला. त्याचा 'व्हय व्हय' ऐकून मनकर्णाला कळलं की घरी गेल्यावर काय होणार.

तसंच झालं. संध्याकाळी गोळ्यांनी ताप जरा उतरला. आशाबाई भिंतीला टेकून बसली आणि एका बाजूच्या तोंडानं म्हणाली, "उद्या नाय. आबाळ बघा. निम्मं वावर राह्यलं. ते झालं का बुधवारी जाऊ. उद्या मी ओट्यावर दिसले नाय का सगळ्या टेम्पोत बसत्यात."

त्रिंबक विडीच्या थोटकाशी खेळत बसला. "तसं नाय गं..." म्हणाला, आणि थोटूक कानामागं खोचलं. तो वाईट माणूस नव्हता. दोन्हीकडचं दिसणाऱ्या माणसाला कुठलंच बोलता येत नाही, तसा होता.

"मना," आई म्हणाली, "डबी भर. भागू सांगत व्हती, आज बायांनी चिमूट चिमूट वाटून घेतली. सकाळी रिकामी दिसायला नको. माझ्या गालापेक्षा ती वाईट."

मनकर्णानं चूल पेटवली. तवा ठेवला. तंबाखूची पुडी सोडली. तवा तापून त्याच्यावरून हवा थरथरायला लागली, तरी पानं तिच्या ओंजळीतच. या तव्यावर आज्जीनं भाजलं, त्याच्या आधी आज्जीच्या सासूनं. किती तोंडं असतील? प्रत्येकीला आराम पडला असेल. प्रत्येकीनं 'गुनाचं लेकरू' म्हटलं असेल. तिला आपला हात आवडायचा, हीच तर मुळात लाजेची गोष्ट. पाढे चुकायचे, भूमिती चुकायची, पण निळी झाक कधी चुकली नव्हती.

तिनं पुडी पुन्हा बांधली. तव्यावर भाकरी टाकली. वासावरून आईला कळेल म्हणून भाकरी मुद्दाम जरा करपू दिली.

कंपासपेटीतून चिठ्ठी काढून उशाखाली ठेवली. सकाळी उठली तेव्हा ओठाला चिमटीची सवय होती, डोकं भणभणत होतं. तिनं मिठाच्या पाण्यानं चूळ भरली आणि पाणी थोडं तांबडं झालेलं बघितलं.

*

बाया आल्या. एकेक करून ओट्यावर टेकल्या. भागूबाई, सरूबाई, शाळेत जायच्या आधी चतुराबाई. आशाबाई पदर घट्ट ओढून चौकटीला धरून उभी. सूज रातोरात जबड्याखाली उतरली होती, पदरातही मावत नव्हती. त्रिंबक दावणीपाशी गायीला चारा टाकत होता. चतुराबाईनं डबी उचलली, झाकण काढलं, हलवून बघितलं, पालथी केली. आत काहीच नव्हतं. तिनं तळहात तसाच पुढं धरून मनकर्णाकडं बघितलं. रस्त्यावर टेम्पोचा हॉर्न वाजला. एकदा. दोनदा.

"आगं, डबी..." आशाबाई म्हणाली. "मना? भाजलं नाय?"

मनकर्णा ओट्यावर उभी राहिली. कन्नडला पुढं माईक होता, इथं मुठीत चिठ्ठी. भागूबाईच्या तोंडात काहीतरी टोमणा तयार होता तो तिला दिसत होता. काही हरकत नाही. तो येणारच.

"नाय भाजलं," ती म्हणाली. "आई, अन्ना, दोघंबी ऐका. आजपासून मी तवा ठेवनार नाय. ह्या घरात मिशरीसाठी दुसऱ्या कुनी ठेवला तर त्यो मी उतरवीन. ज्यांना टेम्पोत बसायचं त्यांनी बसावं, मी कुनाला नावं ठेवनार नाय. ज्या येतील त्यांच्यासंगं अन्नानं वेचावं. मी परत आले का रोज शाळा सुटल्यावर वेचीन, दिस बुडंपर्यंत." तिनं मुठीतली चिठ्ठी उघडली. घामानं तिची घडी चिकटली होती. "सातच्या गाडीनं मी आईला घिऊन दवाखान्यात चालले. अन् आई, एकट्या तुलाच दाखवायला नाय."

मग साऱ्या ओट्यादेखत, चतुराबाईच्या पसरलेल्या रिकाम्या तळहातादेखत, तिनं खालचा ओठ दोन बोटांनी बाहेर ओढला आणि उगवत्या उजेडाकडं तोंड केलं. बोलताना शब्द बोबडे झाले, पण सगळ्यांना कळले.

"मीबी लावते, अन्ना. दोन वर्सं झाली. शाळेत खोटं बोलले. हे बघा. मलाबी दाखवायचं हाय."